पारलिंगी ओळखपत्र: सोलापुरात अर्ज कसा करायचा?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर काम मिळतंय, पण आधारवर जुनं नाव. आधी काय करायचं? लातूरहून सोलापुरात येऊन आठ महिने झालेत.

उत्तर १: इथेच गाडं अडेल. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या 2020 च्या नियमांत जिल्ह्यात सलग 12 महिने वास्तव्य हवं. भाडेकरार आत्ताच नोंदवून ठेवा, नंतर पारलिंगींसाठीच्या राष्ट्रीय पोर्टलवर ओळखपत्र-प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. प्रतिज्ञापत्रात जुनं नाव आधारप्रमाणेच, अक्षर न् अक्षर. ‘सुरेश’चं ‘सूरेश’ झालं तरी अर्ज परत येतो. प्रमाणपत्र द्यायला प्रशासनाला मुदत 30 दिवस. अर्ज फेटाळला तर अपिलाला 90 दिवस.

उत्तर २: ताई, प्रमाणपत्र मिळालं की आधारवरचं नाव बदला, त्याशिवाय पीएफ उघडू नका. नावं जुळली नाहीत की पैसे काढताना रडारड.

उत्तर ३: आणि मालकाला सांगा, पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यानुसार नोकरीत भेदभाव चालत नाही. लूमला काय, धागा जोडणारे हात लागतात!