रेट्रोत निघालेला, पण टीमच्या हातात नसलेला अडथळा कसा हलवलात?

रेट्रो म्हणजे कामाच्या प्रत्येक टप्प्याअखेर, काय सुधारायचं हे ठरवायची टीमची बैठक. स्टँडअप (रोजची छोटी बैठक) लांबतो, स्टोरी (कामाचे तुकडे) फार मोठ्या होतात, असल्या गोष्टी टीम स्वतःच सुधारते. पण टेस्ट सर्व्हर दुसऱ्या विभागाच्या ताब्यात, रिलीजची मंजुरी तिसऱ्याच समितीकडे, अशा तक्रारी दर रेट्रोत बोर्डावर येतात आणि तिथेच राहतात. स्क्रम या कामाच्या पद्धतीच्या २०२० च्या गाइडप्रमाणे टीमच्या वाटेतले अडथळे दूर करवून घेणं हे स्क्रम मास्टरचं, म्हणजे टीमला ही पद्धत नीट वापरायला मदत करणाऱ्याचं काम. ते प्रत्यक्षात कसं झालं? मॅनेजमेंटवरचा राग समजू शकतो, पण काय हललं ते आवर्जून लिहा.

टेस्टर, हिंजवडी
आमचा टेस्ट सर्व्हर अनेक टीम मिळून वापरायच्या. 'सर्व्हर बंद' ही चिठ्ठी प्रत्येक रेट्रोत ठरलेली. मग स्क्रम मास्टर म्हणाली, तक्रार लिहू नका, तास लिहा. कधी बंद पडला, कधी सुरू झाला, कोणतं काम अडलं. तो तक्ता तिने डिलिव्हरी हेडसमोर ठेवला. त्यांनी एकच विचारलं, "हे तास क्लायंटला बिल झाले का?" आम्हाला वेगळा सर्व्हर मिळाला. तक्रार कितीही खरी असली तरी वरच्यांना ती कुरकुर वाटते. वाया गेलेले तास दिसले की पैसे दिसतात.

डेव्हलपर, बंगळुरू
वरच्या अनुभवाला एक जोड. आमच्या तक्त्यात माणसांची नावं होती, आणि कोण रिकामं बसलं याचीच चौकशी झाली. नावं अजिबात लिहू नका.

बँकेचा प्रकल्प, मुंबई
चेंज, म्हणजे सिस्टिममधल्या बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीतल्या एका अधिकाऱ्यांना आम्ही रेट्रोला बोलावलं. त्यांच्यासोबत आमचे मॅनेजरही आले, तेव्हा कुणी तोंडच उघडलं नाही. पुढच्या वेळी ते अधिकारी एकटेच आले. त्यांनी सांगितलं, तुमच्या अर्जात रोलबॅकची, म्हणजे बदल फसला तर तो मागे घेण्याची योजना नसते म्हणून तो परत येतो. आयटीआयएल या आयटी सेवा सांभाळण्याच्या नियमावलीत 'स्टँडर्ड चेंज' असतो: कमी जोखमीचा, नेहमीचा, आधीच मंजूर केलेला बदल. कॉन्फिगरेशनचे आमचे नेहमीचे बदल त्यात बसवून घ्यायला त्यांनीच मदत केली. इतके महिने आम्ही त्यांच्याबद्दल बोलत होतो, त्यांच्याशी नाही.

स्क्रम मास्टर, पुणे
आमचा अडथळा अजून तसाच आहे. अप्रेझलला बेल कर्व्ह, म्हणजे टीममधल्या कुणाला तरी खालची श्रेणी मिळणारच. मग रेट्रोत "मला हे जमलं नाही, मदत हवी" असं कोण म्हणेल? एचआरकडे दोनदा मांडलं, धोरण बदललं नाही. निदान रेट्रोतलं बोलणं अप्रेझलमध्ये वापरणार नाही, एवढं मॅनेजरकडून ईमेलवर लिहून घेतलं. तेव्हापासून दोन ज्युनियर बोलू लागलेत. बेल कर्व्ह कुणी खरंच हलवला असेल तर मला सविस्तर वाचायचं आहे.