डोथ्राकी आणि मेंढ्या

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या कादंबऱ्यांतली भटकी घोडेस्वार जमात, डोथ्राकी, म्हणजे सरळसरळ मंगोलच, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. घोडे, धनुष्यं, सततची भटकंती हे जुळतं, पण पोट कशावर भरायचं? मार्टिन यांचे डोथ्राकी ल्हाझारीन या मेंढपाळ लोकांना तुच्छ लेखतात. खऱ्या मंगोलांचा तर अर्धा संसार मेंढीवर चालायचा! दूध, मांस, शिवाय लोकर भिजवून, गुंडाळून, दाबून केलेला नमदा. त्यांचा गोल तंबू, गेर, त्यानंच मढवलेला असतो; तिथल्या हिवाळ्यात त्याशिवाय निभाव लागणं कठीण. चिलखताचंही तेच. डोथ्राकी ते घालत नाहीत, मंगोल स्वार मात्र चामड्याच्या नि लोखंडी पट्ट्यांची चिलखतं वापरत. हरल्यावर वेणी कापायची डोथ्राकींची प्रथा मात्र मला फार आवडते, कारण त्यात योद्ध्याचा सगळा इतिहास डोक्यावर दिसतो.