तपासणीनंतरचा रस्ता
गरोदर स्त्रियांनी वेळेवर तपासणीला जावे, असे नेहमी सांगितले जाते आणि ते मला मान्यच आहे. परंतु आमच्या सिंधुदुर्गात खरी अडचण पुष्कळदा त्यानंतर सुरू होते. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यात आला नाही, तर दोन तासांतही जीव जाऊ शकतो, आणि इथून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा घाट चढून कोल्हापूरला पाठवलेल्या बाळंतिणीचा तेवढा वेळ रस्त्यातच जातो. माझ्या वहिनीला ऐन आषाढात चौघांनी खुर्चीत बसवून साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या अरुंद पायपुलावरून, डांबरी रस्त्यापर्यंत नेले होते. तिच्या अंगात रक्तही कमी होते; हिमोग्लोबिन तेव्हा अवघे ८ होते. सरकारच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून गरोदर स्त्रिया व बाळंतिणींसाठी मोफत वाहनाची तरतूद आहे, पण वाहन साकवापलीकडे येत नाही. म्हणून तालुक्याच्या रुग्णालयात रक्तसाठवण केंद्र आणि आदिवासी भागात आहे तसे माहेरघर, म्हणजे दिवस भरत आलेल्या स्त्रीला आधीच येऊन राहता येईल अशी दवाखान्याजवळची जागा, या मागण्यांचा ठराव ग्रामसभांनी पावसाळ्याआधी करावा.