आईच्या खात्यातून न ओळखीच्या रकमा वळत्या होत आहेत. तक्रार कशी आणि कोणाकडे करावी?

नमस्कार. माझी आई ६६ वर्षांची असून मुलुंडला एकटी राहते. तिचे निवृत्तिवेतन जिथे जमा होते, त्या बचत खात्याचे पासबुक बऱ्याच महिन्यांनी परवा छापून घेतले, तेव्हा चार प्रकारच्या वजावटी अशा दिसल्या की ज्यांचा अर्थ तिला सांगता येईना आणि मलाही लागेना. पहिली, १७ नोव्हेंबरपासून दर महिन्याच्या १७ तारखेला १९९ रुपये, ज्यापुढे ‘यूपीआय मँडेट’ आणि पुढे अर्धवट तुटलेले एक नाव छापले आहे. दुसरी, दर तिमाहीला १७ रुपये ७० पैसे. तिसरी, मे महिन्याच्या अखेरीस २० रुपये. चौथी, डेबिट कार्डावरून ४९९ रुपये, एकदा २ मार्चला आणि पुन्हा परवा २ जूनला.

आईचे म्हणणे एकच आहे, की तिने कुठेही पैसे भरलेले नाहीत. शाखेतील खिडकीवर विचारले असता ‘संमती तुम्हीच दिली असणार’ एवढेच उत्तर मिळाले. १९९ रुपये सात वेळा, म्हणजे १,३९३ रुपये गेले आहेत. चारही रकमांबद्दल एकच तक्रार-अर्ज द्यावा का, आणि त्यात नेमके काय लिहावे? मी बोरिवलीला राहते, त्यामुळे दादरला गाडी बदलून पुन्हापुन्हा शाखेत खेटे घालणे मला जमणारे नाही. जे करायचे ते एका फेरीत व्हावे अशी इच्छा आहे.

प्रतिसाद :

एकच अर्ज देऊ नका, कारण या चार रकमांपैकी दोन बहुधा रास्त आहेत आणि त्या एकत्र लिहिल्या तर उरलेल्या दोन्हींचे वजन कमी होते. १७.७० हा एसएमएस सूचनांचा आकार असावा, कारण १५ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला की नेमकी हीच रक्कम येते. विचित्र पैसे असलेली कोणतीही रक्कम १.१८ ने भागून पाहावी. भागाकार सरळ आकड्यात आला तर ती बहुतेक वेळा बँकेचीच फी निघते. मे अखेरचे २० रुपये हा पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता दिसतो, ज्याची संमती कधीतरी शाखेतच अर्जावर सही करून दिलेली असते. (याच सुमारास ४३६ रुपये गेले असते तर मात्र मी शंका घेतली असती, कारण तो जीवन ज्योती विम्याचा हप्ता असतो आणि ते संरक्षण वयाच्या ५५ व्या वर्षी संपते.)

आता १९९ रुपयांकडे वळू. यूपीआय मँडेट, म्हणजे खात्यातून ठरावीक काळाने आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी, यूपीआय पिन टाकल्याशिवाय तयार होत नाही, मात्र एकदा तयार झाले की १५,००० रुपयांपर्यंतची नेहमीची वजावट पिन न विचारता होते. म्हणून पासबुकात १७ नोव्हेंबरच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत १ किंवा २ रुपयांची नोंद आहे का, ते पाहावे. ‘एक रुपयात सात दिवस’ अशा चाचणीचा तो माग असतो. अॅप फोनमधून काढून टाकल्याने मँडेट रद्द होत नाही. ज्या यूपीआय अॅपमधून पिन दिला, त्यातील ‘ऑटोपे’ या भागात जाऊन ते रद्द करावे लागते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, तेव्हा आईंच्या फोनमधील १६ तारखेच्या आसपासचे संदेशही तपासावेत.

पिन आईंनीच दिल्याचे निघाले, तर कृपया ‘अनधिकृत व्यवहार’ असे लिहू नका. ते खरे ठरणार नाही आणि बँक नोंदी दाखवून तक्रार बंद करील. न समजता दिलेली संमती ही बँकेविरुद्धची नव्हे, तर विक्रेत्याविरुद्धची तक्रार आहे. ग्राहकाला अशा वर्गणीत अडकवून ठेवणे हे केंद्राच्या २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (म्हणजे अॅप किंवा संकेतस्थळावरील ग्राहकाची दिशाभूल करणारी मांडणी) विषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे, आणि त्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते.

४९९ चे प्रकरण वेगळे आहे आणि तिथे घाई करायला हवी. कार्ड आजच बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाचा आणि बँकेचाही दोष नसताना झालेला अनधिकृत व्यवहार सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास बचत खात्यासाठी ही जबाबदारी साधारणतः १०,००० रुपयांपर्यंत मर्यादित राहते आणि त्यानंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. म्हणजे जूनची वजावट अजून मुदतीत आहे, मार्चची नाही. तरी अर्जात दोन्ही तारखा लिहाव्यात. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची असते, म्हणून खिडकीवरील ‘असणार’ हे उत्तर मान्य करण्याचे कारण नाही.

आणखी एक प्रतिसाद :

वरील सर्व मुद्द्यांशी सहमत आहे. फक्त तोंडी बोलून परतू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क जाता येते, परंतु तिथे पहिला प्रश्न या पोचेचाच येतो.

मूळ प्रश्नकर्ती :

दोघांचेही आभार. ९ नोव्हेंबरला १ रुपया गेल्याची नोंद सापडली. ते एक पंचांगाचे अॅप होते. दिवाळीनंतर आईने तुळशीच्या लग्नाचा मुहूर्त पाहण्यासाठी घेतले आणि नंतर काढूनही टाकले होते. पिन तिनेच टाकला होता, हे आता तिलाही आठवले. आगाऊ सूचनेचे संदेशही न वाचलेल्या ढिगात मिळाले, त्यामुळे बँकेला त्याबद्दल बोल लावणे मी सोडले आहे. मँडेट रद्द केले असून विक्रेत्याला ईमेल पाठवला आहे, पण सातही महिन्यांचे पैसे परत येतील असे मी धरलेले नाही.

४९९ चा उगम मात्र आईला किंवा मला अजूनही लागलेला नाही. कार्ड काल बंद केले आणि केवळ याच रकमेचा अर्ज आज दिला. शिक्का मारण्यास सुरुवातीला टाळाटाळ झाली, परंतु परिपत्रकाची तारीख अर्जात लिहिलेली पाहिल्यावर तो मिळाला. एसएमएसचा आकार शाखेने मान्य केला. वीस रुपयांचा अपघात विमा वयाच्या सत्तरीपर्यंत चालतो असे कळल्यामुळे आईने तो ठेवायचा ठरवले आहे.