केमोच्या रुग्णाचा ईएफ: मुगा धरायचा की टू-डी इको?

गोदाकाठ
डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब (हृदयाला इजा करू शकणारी कर्करोगाची औषधं) चालू असलेल्या रुग्णाचा ईएफ (दर ठोक्याला हृदयाचा डावा खालचा कप्पा किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा) नाशकात अजूनही बऱ्याचदा टू-डी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर), तोही नजरेच्या अंदाजाने, लिहिला जातो. माझं मत स्पष्ट आहे: अशा रुग्णाला मुगाच (रक्तात किरणोत्सारी टेक्नेशियम मिसळून गामा कॅमेऱ्याने हृदय टिपायची चाचणी) करावा. ईएफ दहा अंकांनी घसरून पन्नासच्या खाली गेला की औषध थांबवायचं का, हा प्रश्न उभा राहतो. साध्या टू-डी इकोत चाचणी करणारा हात बदलला तरी तेवढाच फरक पडू शकतो. मग घसरलं काय, हृदय की मोजमाप? मुगात डाव्या जवनिकेचा (डाव्या खालच्या कप्प्याचा) आकार गृहीत धरावा लागत नाही. आतल्या रक्तातून येणाऱ्या किरणांचे काउंट मोजायचे, बस.

इकोवाला_गंगापूररोड
अंदाजाने काढलेल्या इकोला हरवण्यात कसला पराक्रम? दोन्ही छेदांतून सिम्पसनने (कप्प्याच्या चकत्या धरून आकारमान काढायच्या पद्धतीने) काढलेला ईएफ, जमल्यास थ्री-डी, आणि सोबत स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती आखडतो त्याचं माप), याच्याशी तुलना करा. स्ट्रेन मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून जास्त घसरला तर ईएफ पडण्याआधीच इशारा मिळतो. मुगाला ते दिसत नाही. झडपा दिसत नाहीत, हृदयाभोवती साठलेलं पाणीही नाही. शिवाय दर वेळी साधारण पाच-सहा मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग. ट्रास्टुझुमॅबच्या वर्षात सुरुवातीला एक आणि मग दर तीन महिन्यांनी एक धरा, म्हणजे पाच वेळा. हिशेब करा.

गामा_तंत्रज्ञ
दोघांनाही मान्य होणार नाही, पण मुगाचा आकडा तो करणाऱ्याइतकाच चांगला असतो. आधी स्टॅनस पायरोफॉस्फेट (लाल पेशींना टेक्नेशियम धरायला तयार करणारं औषध) द्यायचं, १५ ते ३० मिनिटं थांबायचं, मग २० ते २५ मिलिक्युरी टेक्नेशियम. हेपरिनने फ्लश केलेल्या पोर्टमधून (केमोसाठी त्वचेखाली बसवलेल्या नळीतून) टोचलंत तर लेबलिंग, म्हणजे टेक्नेशियमचं लाल पेशींना चिकटणं, बिघडतं. मोकळं टेक्नेशियम पोटात आणि थायरॉइडमध्ये चमकतं, नि हृदयाचं चित्र धुरकट होतं. डॉक्सोरुबिसिन स्वतःही लेबलिंग बिघडवतं, त्यामुळे डोसच्या लगेच मागे चाचणी लावू नये.

कॅमेरा डाव्या तिरक्या बाजूने ४५ अंशांच्या आसपास. पण अंशांना चिकटू नका, दोन्ही जवनिकांमधला पडदा सरळ उभा दिसेपर्यंत फिरवा. डावी कर्णिका (डावा वरचा कप्पा) मधे आली तर ईएफ खोटा कमी येतो.

खरी गोम बॅकग्राउंडमध्ये (हृदयाबाहेरून येणारे काउंट, जे वजा करायचे) आहे. समजा भरलेल्या एलव्हीत (डाव्या जवनिकेत) २०,००० काउंट, आकुंचनानंतर १२,०००. बॅकग्राउंड ६,००० धरलं तर ईएफ ८,००० भागिले १४,०००, म्हणजे ५७. बॅकग्राउंड मोजायची चौकट चुकून प्लीहेवर सरकली आणि बॅकग्राउंड ९,००० झालं, तर ७३! रुग्ण तोच, हृदय तेच. म्हणून मागच्या वेळची चौकट कुठे होती हे समोर उघडून बघितल्याशिवाय नवी काढू नये.

सिव्हिल_फिजिशियन
स्ट्रेस थॅलियम किंवा सेस्टामिबीच्या गेटेड स्पेक्टमध्ये (ठोक्याशी जुळवून घेतलेल्या, हृदयस्नायूच्या रक्तपुरवठ्याच्या स्कॅनमध्ये) ईएफ आयताच मिळतो. तोच धरला तर?

गामा_तंत्रज्ञ
तुलनेसाठी नको. ठोक्याचे आठच तुकडे केले तर १६ तुकड्यांच्या मानाने ईएफ कमी येतो. उलट हृदय लहान असेल, जे बायकांत नेहमीचंच, तर आकुंचनानंतरचं आकारमान कमी मोजलं जातं आणि ७५-८० छापून येतो. खुश होऊ नका.

गोदाकाठ
बॅकग्राउंडचं पटलं. पण ती चूक चित्रात उरते, नंतरही तपासता येते. इकोचा प्रोब दोन बरगड्या सरकला होता हे रिपोर्टवरून कोण शोधणार? स्थूल रुग्ण, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), डाव्या स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर बसवलेला एक्सपांडर (त्वचा ताणणारी पिशवी), यांत इकोला हृदय दिसायला खिडकीच मिळत नाही. तिथे सिम्पसन कशावर काढणार?

इकोवाला_गंगापूररोड
डाव्या जवनिकेच्या भिंतीचे लागोपाठचे दोन भाग दिसेनासे झाले की कॉन्ट्रास्ट इको (शिरेतून सूक्ष्म बुडबुडे देऊन) करा. तेही जमलं नाही तर मुगा, ना नाही. पण पहिली चाचणी म्हणून नको.

सातपूर_ऑन्को
कागदावर दोघंही बरोबर. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. पेट-सीटी असलेल्या सेंटरमध्ये मुगा होईलच असं नाही, त्याला गामा कॅमेरा आणि टेक्नेशियम लागतं. टेक्नेशियम ज्यातून काढतात त्या जनरेटरमधल्या मॉलिब्डेनमचा अर्धायुष्यकाल ६६ तास, टेक्नेशियमचा सहा. आठवड्याच्या शेवटी जनरेटर अशक्त होतो, डोस पुरत नाही, तारीख पुढे जाते. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या बाईला "सोमवारी या" म्हटलं की ती ट्रास्टुझुमॅबचाही डोस चुकवते. इको तिथल्या तिथे होतो.

गोदाकाठ
मग निदान हे तरी पाळा: सुरुवातीचा ईएफ ज्या पद्धतीने काढला, शेवटपर्यंत तीच. मुगाचा ६२ आणि इकोचा ५१ शेजारी ठेवून केमो थांबवू नका.

इकोवाला_गंगापूररोड
यावर वाद नाही. फक्त त्यात भर: मशीनही तेच, आणि रिपोर्टवर बीपी व ठोक्यांचा वेग लिहा. एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडण्याचा विकार) असेल तर मुगात आर-आर अंतराची (दोन ठोक्यांमधल्या अंतराची) खिडकी, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, किती ठेवली आणि किती ठोके टाकून दिले, तेही. एवढं नसेल तर ५७ की ५२ यावर भांडण्यात अर्थ नाही.