दुपट्याच्या गोल कोपऱ्यांना उरेप (तिरपी कापलेली) पट्टी नीट बसत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार, शिवणकाम करणाऱ्यांची मदत हवी आहे. थोडं लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

भाचीचं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे, बाळंतविड्यात द्यायला दुपटं शिवतेय. ३६ इंच बाय ३६ इंच, वर जोडलेले चौकोन, मध्ये जुन्या सुती साडीचे दोन थर, खाली मलमल. धावदोरा सगळा हाताने घातला, तोही पूर्ण झाला. आता फक्त कडेची पट्टी राहिलीये आणि तिथेच घोडं अडलंय.

पट्टी आजीच्या लुगड्याची लावायची आहे. अंजिरी रंगाचं सुती नऊवारी, ठिकठिकाणी विरलंय, धड तुकडा २४ इंच लांब आणि तेवढाच रुंद निघतोय. तो कापायला हात धजावत नाही म्हणून आधी घरातल्या दुसऱ्या सुती कापडावर करून बघितलं आणि बरंच झालं, कारण सगळं फसलं. अंदाजाने तिरप्या २ इंची पट्ट्या कापल्या, जोडल्या, इस्त्रीने दोन्ही कडा आत दुमडल्या तर इस्त्री फिरवता फिरवताच पट्टी कुठे बारीक कुठे रुंद झाली. मग दुपट्याची कड मध्ये धरून वरून एकच टीप मारली. सरळ बाजूला पट्टीवर पीळ पडल्यासारख्या तिरक्या सुरकुत्या आल्या, आणि कोपऱ्यावर चुण्या येऊ नयेत म्हणून ओढून लावली तर कोपरा चक्क आत वळला. काल रात्री सगळं उसवलं. कोपऱ्यांची गोलाई मी आमटीच्या वाटीने आखली होती, तेही सांगून ठेवते.

दोन गोष्टी विचारायच्यात. चूक नक्की कुठे होतेय? आणि २४ इंचाच्या तुकड्यात ही पट्टी पुरेल का? सगळ्यात लांब तिरपी पट्टीच ३४ इंचाच्या आसपास निघते, पुढच्या आखूड आखूड होत जातात.

प्रतिसाद १
अगं, तीन ठिकाणी गडबड आहे. पहिली म्हणजे अंदाजाने तिरपं कापायचं नाही. उरेप म्हणजे बरोब्बर ४५ अंश. कापडाचा एक धागा ओढून कड सरळ करून घे, मग कोपरा असा दुमड की उभ्या धाग्याची कड आडव्या धाग्यावर तंतोतंत बसेल, ती घडी म्हणजे उरेप. तिथे खडूने रेघ मार. थोडं जरी इकडेतिकडे झालं की पट्टी एका बाजूला खेचते, तुझा पीळ बराचसा तिथूनच आलाय. बाकीचा आला एका टिपेत काम उरकल्यामुळे, कारण मशीनखाली वरचा थर पुढे सरकतो. पट्टी आधी सुलट बाजूला उघडी ठेवून अर्ध्या इंचावर टीप मार, मग उलटवून मागे हाताने हेम घाल.
दुसरी चूक इस्त्रीची. फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची.
तिसरी कोपऱ्याची. गळ्याला पट्टी ओढून लावतात कारण ती गोलाई आतली असते, दुपट्याचा कोपरा बाहेरचा, तिथे पट्टी जराशी सैल सोडायची. आणि वाटीची गोलाई अर्ध्या इंचाच्या पट्टीला फार लहान पडते गं, जेवणाचं ताट ठेवून आख.

प्रतिसाद २
ताई, कापड पुरेल, काळजी करू नका. हिशोब सोपा आहे, चौकोनाची बाजू गुणिले बाजू भागिले पट्टीची रुंदी. तुमचा घेर १४४ इंच, जोडाला धरून १५५ धरा. २० इंचाचा चौकोन घेतला तर ४०० भागिले २, म्हणजे २०० इंच, शिवणीत थोडी गेली तरी भरपूर. आखूड पट्ट्या जोडत बसायचं नसेल तर चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण करा, त्यांच्या सरळ बाजू जोडल्या की तिरका चौकोन तयार होतो. त्याच्या उरेप कडेला समांतर दर २ इंचावर रेघा मारा. आता उरलेल्या दोन सरळ बाजू जोडायच्या पण एक रेघ सरकवून, म्हणजे पहिली रेघ दुसरीला भिडेल. नळी तयार होते, रेघेवरून कात्री चालवत जा, एकच सलग पट्टी निघते. टाका बारीक ठेवा कारण त्या शिवणी पुढे कापल्या जातात.
लुगडं जुनं आहे तर आधी उजेडासमोर धरून विरलेली जागा बघून घ्या आणि कापण्याआधी हलकी खळ घाला, कापड हातात सरकत नाही.

मूळ धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. आज जुन्या परकरावर नळी करून बघितली. पहिल्यांदा रेघ सरकवायची विसरले तर नुसती कडी निघाली, दुसऱ्यांदा सलग पट्टी आली! ताटाने आखलेल्या कोपऱ्यावर सैल सोडून लावली, कोपरा सपाट बसला. उद्या लुगड्याला खळ घालते. फक्त एक राहिलं, शेवटी पट्टीची दोन टोकं एकमेकांना कशी जोडायची?

प्रतिसाद १
कोपऱ्यावर सुरुवात करू नकोस, सरळ बाजूच्या मध्यावर कर, आणि सुरुवातीचं ५-६ इंच टोक न शिवता मोकळं सोड. फेरी पूर्ण होत आली की ८-१० इंच आधीच थांब. दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून पट्टीच्या रुंदीएवढी, म्हणजे २ इंच, जास्त ठेवून काप. मग काटकोनात सुलटावर सुलट धरून तिरकी टीप मार. जादाचं कापण्याआधी एकदा उघडून बघ, पिळा पडला असेल तर तेव्हाच कळतो.