सरकारी सेवेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: थेरपी करायला मिळते की नुसती सर्टिफिकेटं?

वेण्णाकाठ:

नमस्कार मंडळी. मी मूळची कोरेगावची. पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. केलं, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी हातात आली आणि आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे पुण्यातच एका खासगी क्लिनिकमध्ये तासावर बसायचं. दुसरी म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली कंत्राटी जागा, साताऱ्यात नाहीतर सांगलीत, जिथं निघेल तिथं.

पप्पा म्हणतात, घराजवळ ये. आईला काळजी वेगळीच, पोरगी 'वेड्यांच्या दवाखान्यात' जाते हे चुलत्यांना सांगायचं कसं. आणि आमच्या एका सीनियरनं एका वाक्यात निकाल लावला, "तिथं तू आयक्यू काढायचं यंत्र होशील."

ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा. सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी) वगैरे जे शिकलो ते वापरायला मिळतं का? पगार वेळेवर होतो का? की दिवसभर "हे जरा टेस्टिंगला घ्या" एवढंच?

येरळाकाठ:

तू म्हटलं तर चालेल ना, वयानं लहान दिसतेस. आठ वर्षं झाली मला या कामात, बरीचशी सांगली जिल्ह्यात. पहिली नोकरी दुसरीकडं होती. त्या जागेचं नाव घेत नाही, कारण तिच्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं फार नाही.

सीनियर खोटं बोलला नाही. बोर्डाच्या दिवशी, म्हणजे अपंगत्वाची सर्टिफिकेटं देतात त्या दिवशी, सकाळी साडेनऊलाच बाकडी भरलेली असतात. एसटीनं आलेली माणसं, डबे, पोरं, कुणाच्या हातात २० वर्षांपूर्वीचं लॅमिनेट केलेलं जुनं सर्टिफिकेट. बीकेटी ही बुद्ध्यांकाची चाचणी नीट घ्यायची तर तास जातो आणि टेबलावर केसपेपर असतात पंधरा. पहिल्या नोकरीत मला खोलीच नव्हती. ड्रेसिंगरूमच्या कोपऱ्यात पडदा लावून बसायचे. पडद्यापलीकडं कुणी टाके घालताना ओरडायचं आणि अलीकडं मी पोराला आकडे उलटे म्हणायला सांगायचे. त्या आकड्यांवरून कुणाची स्मरणशक्ती मोजायची, सांग! पुढं मी रिपोर्टातच लिहायला लागले, 'चाचणी गोंगाटात घेतली'. साहेब चिडले. पण दोन महिन्यांत एक जुनी स्टोअररूम रिकामी करून मिळाली. तोंडी तक्रारीपेक्षा रिपोर्टातली ओळ लवकर पोचते.

चाचण्यांचंही सांगते. बीकेटी म्हणजे १९३० च्या दशकात धारवाडकडं कामतांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवलेली बिने चाचणी. आपल्या पणजीच्या काळातली, आणि आजही आपल्या टेबलावर तीच. जत तालुक्यात पूर्वेला सरकत गेलं की घरात कन्नड, बाजारात मराठी, कितीतरी गावांत शाळासुद्धा कन्नड. मला कन्नड येत नाही. एकदा एका पोराची मराठीतून चाचणी घेतली, आकडा फारच खाली आला. वॉर्डातल्या मावशी माडग्याळकडच्या. त्या सहज त्याच्याशी कन्नडमधून बोलल्या तर गडी त्यांना शेळ्यांचा सगळा हिशोब सांगायला लागला. आता मावशींना दुभाषी म्हणून बसवणं पुस्तकात बसत नाही हे मलाही कळतं. पण तो खालचा आकडा मी सही करून दिला असता तर तो खोटेपणाच झाला असता. म्हणून आकड्यापुढं लिहिलं, 'भाषेमुळे कमी असण्याची शक्यता, कन्नड जाणणाऱ्याकडून पुन्हा घ्यावी.'

उलटंही होतं. काका पढवून आणतात, "काय पण विचारलं तरी येत न्हाई म्हण." एकानं स्वतःच्या नावालाही 'येत न्हाई' म्हटलं. मी फाइल मिटवली आणि उठता उठता मावशींना विट्याची गाडी विचारली. हा दारातनं वळून म्हणतो, "मॅडम, साडेपाचला न्हाई, सव्वापाचला हाय." पुढच्या आठवड्यात काकांना बाहेर बसवून पुन्हा चाचणी घेतली. काकांचा राग यायचा मला आधी. आता येत नाही. अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली गेलं की बहुतेक सवलती संपतात, हे त्यांना माझ्याइतकंच पाठ असतं.

आता मुद्द्याचं. मीही पहिली दोन वर्षं बोर्डाच्या दिवसाला शिव्या घालायचे. मग एक बाई आल्या. (ओळख पटू नये म्हणून दोन-तीन गोष्टी बदलल्यात.) सतरा वर्षांचा मुलगा, सोबत दीर. व्हीएसएमएस काढत होते, म्हणजे मूल रोजचं किती स्वतः करतं ते मोजायची चाचणी, फादर मालिन यांनी नागपूरला आपल्याकडच्या मुलांसाठी बसवलेली. ८९ बाबी, उत्तरं पालकानं द्यायची. आम्ही कंटाळत घोकून टाकतो ते प्रश्न, जेवतो का, बटणं लावतो का. मी विचारलं, "एकटा बाहेर जातो का?" बाई म्हणाल्या, "जातोय की." मी खूण करणार तेवढ्यात म्हणाल्या, "मी मागनं असते. त्याला दिसत न्हाई अशी." किती दिवस? "तो हायवेवर गेल्ता तवापास्नं." म्हणजे सहा वर्षं. पोरगा बांधावरनं चालणार आणि बाई एक सरी सोडून ऊसातनं. भांगलणीला जाणं बंद, माहेरी मुक्काम बंद.

प्रश्न संपले, दीर झेरॉक्सला गेला. बाई उठेनात. म्हणाल्या, "मॅडम, झोप येत नसल्याचं सर्टिफिकेट असतंय का?"

त्या बाई स्वतःहून माझ्या ओपीडीत कधी आल्या असत्या? 'मानसिक' अशी पाटी असलेल्या दारात? सात जन्मात नाही. त्या आल्या पोराच्या कार्डासाठी. पुढं सात वेळा आल्या, ग्रामीण रुग्णालयात आमची टीम महिन्यातून एकदा जायची तेव्हा. सायकियाट्रिस्टनी गोळ्या चालू केल्या. मी काय केलं म्हणशील तर पहिल्या भेटीत त्यांचा दिवस तासातासानं मांडला आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पोरामागं कोण जाईल एवढंच ठरवलं. दिराला बोलावून तिथंच कबूल करून घेतलं. दुसऱ्या वेळी बाईंनीच सांगितलं की पहिल्या संध्याकाळी मोकळ्या असून घरात बसवलं नाही, उंबऱ्यात उभ्या होत्या. मग त्या उंबऱ्यावरच काम केलं. याला सीबीटी म्हण, काही म्हण. पन्नास मिनिटांचे बारा सेशन इथं मिळत नाहीत. माणूस पहिल्यांदा येतो तीच कदाचित शेवटची भेट. पुढच्या वेळी शिकवू म्हणून काही राखून ठेवायचं नाही, काहीतरी एक हातात देऊनच पाठवायचं. आणि केसपेपरच्या मागं पेनानं मोठ्ठं लिहायचं, १४४१६. टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा. मधल्या महिन्यात रात्री कुणाशी बोलायचं तर मराठीत बोलणारं कुणीतरी असतं तिकडं.

म्हणून म्हणते, सर्टिफिकेटचं टेबल हे शिक्षा समजू नकोस. आपल्याला हवी असलेली माणसं तिथंच येतात, दुसऱ्याचा कागद हातात घेऊन.

दुसरं, मेडिसिनच्या वॉर्डात रोज एक चक्कर मार, कुणी बोलावलं नाही तरी. द्राक्षाच्या पट्ट्यात 'औषध घेतलं' म्हटल्यावर गोळ्या की फवारणीचं हे विचारावं लागतं. नातेवाईक म्हणतात चुकून पोटात गेलं, कारण केस होईल ही भीती. त्यांना बाजूला घेऊन सांगायचं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, शिक्षा करत नाहीत. एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) होते, जबाब होतो, पण गुन्हेगार म्हणून नाही. हे कळल्यावर कित्येकदा पेशंटच्या आधी बापच रडायला लागतो.

आणि २०१९ चा पूर. ऑगस्टमध्ये शाळाशाळांत निवारा केंद्रं, आम्हाला पाठवलं 'समुपदेशनाला'. एक आजोबा खिडकी सोडेनात. मी शेजारी बसून काय वाटतंय विचारलं. म्हणाले, "वाटतंय काय? दोन म्हशी सोडून आलोय." मी वही काढली, म्हशींच्या खुणा लिहून घेतल्या, एकीचं शिंग मोडकं. त्या वहीत संध्याकाळपर्यंत चाळीस जनावरं झाली. त्या दिवशी मी दुसरं काहीच केलं नाही, आणि ते बरोबर होतं असं अजून वाटतं.

पगाराचं खाली दुसरं कुणी लिहील, मला बीपी आहे.

द्राक्षबाग:

मी लिहितो पगाराचं. ११ महिन्यांचा करार, मग एक दिवस खंड, मग पुन्हा तोच करार. अनुदान आलं नाही की पगार नाही. मी जिथं होतो तिथं एकदा चार महिने काढले, गाडीचा हप्ता बायकोनं भरला. टेस्ट किट मागितलं तर 'मागणी पाठवा' म्हणायचे. पाठवली, तीनदा. शेवटी स्वतःच्या पैशांनी घेतलं.

ताई छान लिहितात, पण त्यांच्यासारखी माणसं टिकतात म्हणूनच वरच्यांना काही बदलायची गरज वाटत नाही. मी दोन वर्षांत सोडलं आणि मला अपराधी वाटत नाही. बोर्डाच्या दिवशी पंधरा चाचण्या 'उरकणं' हा पोरांवर अन्याय आहे. एकट्या माणसाला तो करायला लावणं हाही.

येरळाकाठ:

द्राक्षबाग, पंधराचं खरंय. मी आता बोर्डाच्या दिवशी सहाच घेते, बाकीच्यांना तारखा देते. भांडणं झाली. लांबून आलेल्यांना परत पाठवताना माझंच तोंड कडू होतं, म्हणून तालुक्याच्या फेरीतही किट नेते. टिकण्याबद्दल म्हणालात त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

गटप्रवर्तक_माण:

मी सायकॉलॉजिस्ट नाही, आशांची गटप्रवर्तक आहे, माण तालुका. एकच सांगते. मॅडम नवीन आल्या की आशांची मीटिंग घेतात आणि 'डिप्रेशनची लक्षणं' असा पीपीटी दाखवतात. आशा झोपतात. आमच्या आधीच्या मॅडमनी विचारलं होतं, "तुमच्या गावात विहिरीकडं बघत बसणारं कोण आहे? बाळंत झाल्यापासून बाळाला न घेणारं कोण? देवाला नेऊन नेऊन दमलेलं घर कुठलं?" एका तासात नऊ नावं निघाली.

देवाचं मात्र जपून. मांढरदेवला काळूबाईच्या देवळात जाऊन आलेल्या बाईला ते सगळं खोटं म्हणालात तर ती पुन्हा यायची नाही. कुणी मारत असेल, चटके देत असेल तर गोष्ट वेगळी, त्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तिथं गप्प बसायचं नाही. नुसती जाऊन येत असेल तर जाऊ दे, गोळी चुकली नाही ना तेवढं बघायचं. आणि गावात आमच्या घरी या, पाटी लावलेल्या गाडीनं तिच्या घरी जाऊ नका. सगळी गल्ली गोळा होते.

वेण्णाकाठ:

सगळ्यांचे आभार. खरं सांगायचं तर द्राक्षबाग यांचं वाचून रात्री नको वाटलं आणि सर्टिफिकेटवाल्या बाईंचं आठवून सकाळी पुन्हा हो वाटलं. मुलाखतीला जातेय, तारीख आली. येरळाकाठ ताई, दोन प्रश्न. फायलीत काय काय न्यावं? आणि साताऱ्यात निघालं तर तिकडं ओळखीचं कुणी?

येरळाकाठ:

आरसीआयचं मूळ प्रमाणपत्र ने आणि नोंदणी चालू असल्याचा कागद. तो नसला की तिथंच अडवतात. मुलाखतीत 'समुपदेशक' आणि 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' यांत फरक काय असं विचारतील, चिडू नकोस, शांतपणे सांग. रुजू झाल्यावरही मैत्री क्लिनिकचे (किशोरवयीन मुलामुलींचं), एचआयव्हीचे, नवरा-बायकोच्या भांडणाचे सगळे पेशंट तुझ्याकडंच येतील, तेव्हा ते उत्तर पुन्हा लागेल. साताऱ्यात व्यसनमुक्तीसाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे. दारूचे पेशंट रोज येणार, त्यामुळं पहिल्याच महिन्यात तिथं जाऊन भेटून ये. आईला म्हणावं, चुलत्यांना सांगा पोरगी सिव्हिलला आहे. सिव्हिल म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. वर आणि ओळखीनं नंबर लावायला फोन येतात.

स्टॉपवॉच स्वतःचं घे, मोबाइलचं नको, मध्येच फोन वाजतो. आणि किट ताब्यात घेताना रजिस्टरवर सही करण्याआधी सेग्विनच्या फळ्याचे (आकारांचे ठोकळे खाचांत बसवायची चाचणी) ठोकळे मोज, दहा हवेत. मला मिळालेल्यात चांदणी नव्हती. सही करून बसले होते, मग विट्याच्या सुतारानं सागवानाची करून दिली. रंगानं वेगळी दिसते, पोरं आधी तीच उचलतात.